डाव्या चाकाचं झाकण

प्रिय साईराज,

आधी शिव्या, मग खुशाली. चाकणला जाऊन तुला एकोणीस दिवस झाले आणि फोन केलेस तीन, तेही आईला. तिन्ही वेळा मी मागून 'दे इकडं' म्हणेपर्यंत तुझी बस आली, तुझा साहेब आला, तुझी रेंज गेली. ती रेंज बरोबर माझ्यापाशी आल्यावरच कशी जाते रं? म्हणून आज सुप्रियाला धरून बसवलंय. आपल्या शेजारच्या भिवाजीची सून, खोपोलीला कारखान्याच्या हापिसात दिवसभर लिहायचंच काम करते. आठवड्यातून तिला रविवार एकच, तो मी खाल्ला. तिला बजावलंय, मी बोलेन तसं लिही. माझ्या 'हाय'चं ती 'आहे' करतेय. करू दे, तिचं शिक्षण वाया जायला नको. पण मजकुराला हात लावलास तर बघ, म्हटलंय.

खुशाली म्हणशील तर घरात सगळे खाऊन-पिऊन आहेत. भात कापून झालं, झोडायचं उरलंय. तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात तशाच आहेत, कारण दिवाळीला घरी न येणारा आपल्या घरात तूच पहिला निघालास. आईनं तुझं उटणं वाटीत काढून ठेवलं होतं, ते संध्याकाळपर्यंत वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखं झालं. तिनं वाटी घासून पालथी घातली. अजेयच्या पायाचं प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत. आणि नानांच्या टेबलावर, काचेखाली, तू लिहून दिलेला तो कागद आहे. 'मी बनवलेल्या झाकणात चाक अडकलं, चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही,' आणि खाली तुझी सही. येत्या गुरुवारी पुण्याची माणसं विमान पसंत करायला येतात. त्याच्या आदल्या दिवशी नाना उजव्या चाकाचंही झाकण उतरवणार आणि तुझे साचे फोडून टाकणार. तुझी दोन वर्षं, साईराज. आणि पुन्हा कोणी तुझ्या हाताला विमानाचं काम देणार नाही, हेही नाना म्हणाले. रागानं नाही म्हणाले, वाईट वाटून म्हणाले. तेच मला जास्त लागलं.

सुप्रियानं पेन खाली ठेवलं. म्हणते, आजी, कसलं झाकण, कसलं विमान, मला नीट सांगा, नायतर मी काय लिहितेय तेच मला कळणार नाय. खरंय तिचं. ती सासरी नांदायला आली दिवाळीच्या तोंडावर. तर तिच्यासाठी पहिल्यापासून सांगते. तूही ऐक, तुला सगळं येतं असं समजू नकोस.

सुप्रिया बाई, हा माझा नातू आयटीआय झाला आणि चौकला एका गॅरेजात गाड्यांचे फुटलेले बंपर सांधायला लागला. काचेच्या कापडावर ते वासाचं औषध ओतायचं, वाळलं की दगडासारखं. एकदा कर्जतचे नाना गाडी घेऊन आले. हे नाना म्हणजे निवृत्त इंजिनियर, खालापूरच्या पलीकडं त्यांचा माळ आहे, त्या माळावर पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ते आणि त्यांचा मुलगा अजेय मिळून विमान बांधत होते. हसू नकोस, खरंच. दोन माणसांचं छोटं विमान. त्याला डांबराचा रस्ता लागत नाही, गवत पुरे, नदीची वाळू पुरे. अजेयकडं उडवायचा परवाना आहे. नानांनी सांधलेल्या बंपरवरून हात फिरवला, जोड कुठं आहे ते त्यांना सापडेना. तिथंच म्हणाले, पोरा, गाड्या पुरे, माझ्याकडं ये.

मी पहिल्यांदा ते विमान पाहिलं तेव्हा तुला विचारलं होतं, आठवतं? म्हटलं, याचं अंग एवढं चिमुकलं आणि पाय असे का, लांब आणि नागडे, आणि टायर फुगलेले जसे काही दोन माठ? तू म्हणालास, आजी, खड्डे-दगडांवर उतरायचं तर पाय असेच लागतात. पण वर गेलं की तेच पाय वाऱ्यात लोंबतात आणि इंजिनाची ताकद खातात. मी म्हटलं, मग बगळा घेतो तसे पोटाशी घ्या की वर. तू मला शहाण्यासारखं समजावलंस की पाय आत घ्यायची कळ जड असते, दगडावर आपटली की मोडते, मग माळावर कसं उतरायचं? म्हणून पाय बाहेरच राहणार. फक्त त्यांना अंगाबरोबर कपडे शिवायचे, तीच ही पायांची आणि चाकांची झाकणं. त्या दिवसापासून मी तुला विमानाचा शिंपी म्हणायला लागले आणि तू चिडायला लागलास.

आणि शिंप्याच्या आजीलाही कामाला जुंपलंस तू. मला वाटायचं, वारा कापायचा तर टोक पुढं हवं, नांगराच्या फाळासारखं. तू म्हणालास, उलट. नदीतला, पाताळगंगेतला मासा बघ. डोकं गोल पुढं, निमुळतं शेपूट मागं. वारा पुढून सहज फुटतो, पण मागं नीट मिटला नाही की भोवरे करतो, आणि ते भोवरे मागं ओढतात. साधा गोल पाइप म्हणजे शेपूट तोडलेला मासा. जन्मभर मी मासे धरले, साफ केले, खाल्ले, पण मासा असा का असतो हे मला एक्क्याऐंशीव्या वर्षी नातवानं सांगितलं. त्या दिवशी वाटलं, हा पोरगा वाया नाही गेला. तोंडावर म्हटलं नाही, चढला असतास.

मग ती टेंपोची सकाळ. विमानाचा एक पाय टेंपोच्या बाजूला उभा बांधलेला, त्याच्यावर लोकरीचे वीत-वीत धागे चिकटवलेले, खाली ताण मोजायचा काटा. जुन्या हायवेवर उजाडता उजाडता तू टेंपो पळवणार आणि मी खिडकीतून धागे बघणार, कारण अजेय काटा बघत होता आणि नाना म्हणाले, धागे बघायला स्थिर डोळ्याचं माणूस पाहिजे. शिळफाट्याला हवालदारानं अडवलं, हे काय बांधलंय? मी म्हटलं, नातवाचा पाय हाय, वाऱ्याला दाखवाया नेतोय. त्यानं मला नमस्कार केला आणि जा म्हणाला. धागे सरळ मागं पडले की वारा खूश. नाचायला लागले की वाऱ्याला काही तरी खुपतंय. पायावर सगळे सरळ, पण वर जिथं पाय पोटाला लागतो त्या काखेत धागे वेड्यासारखे थयथयत होते. मी ओरडले, काखेत, काखेत! घरी येऊन मी कणकेचा गोळा त्या काखेत दाबून बोटानं पसरला, करंजीची कड दुमडतात तसा. दुसऱ्या दिवशी धागे निजले. तू त्या कणकेवरून साचा काढलास. कणीक नंतर कुत्र्यानं खाल्ली, पण तिचा आकार विमानाला कायमचा लागला. विमान त्याच पेट्रोलात ताशी बारा किलोमीटरनं जास्त जोरात जायला लागलं, आणि नानांनी त्या झाकणांच्या कागदावर तुझं नाव घातलं. साईराज जयवंता म्हणून घाल, आजीचंही नाव जोडून, मी म्हटलं होतं. तुम्ही सगळे हसलात.

इथवर सगळं गोड. आता पाणी पिते.

दसऱ्याला मी झेंडूचा हार घेऊन शेडवर आले आणि विमानाच्या पायाला बांधला. तू पूजा होईपर्यंत थांबलास, मग हार सोडून माझ्याच गळ्यात घातलास. म्हणालास, आजी, वाऱ्यात काही लटकलं की ते ओढतं, तूच धागे बघितलेस ना? बाहेर काही बांधायचं नाही. मी म्हटलं, कळलं. आणि मला खरंच कळलं होतं. हेच माझं दुखणं आहे, पुढं येईल.

मग नवान्न पौर्णिमा. सकाळी शेतातून नव्या भाताच्या लोंब्या आणल्या, नाचणीची, वरीची लोंबी, कुरडूचं फूल, आंब्याचं पान, एकात एक गुंडाळून नवी बांधली. दाराला एक, विहिरीला एक, कोयत्याला, नांगराला, तुझ्या बापाच्या मोटारसायकलला. जे जे आपल्याला पोसतं त्याला नवं बांधायचं, ही आपली रीत, माझ्या सासूची, तिच्या सासूची. दुपारी खिरीचं पातेलं घेऊन मी टमटमनं माळावर आले. तुम्ही तिघं पेट्रोल आणायला गेला होता. शेडला कुलूप नव्हतं.

चार वाजता अजेय वर गेला. दोनदा फिरून दोनदा उतरला, इतका हलका की गवत वाकलं नाही. तिसऱ्यांदा उतरला आणि डाव्या चाकाखालून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. झाकणाचा तुकडा उडताना मी पाहिला. विमान एका पायावर गर्रकन फिरलं आणि नाक मातीत खुपसून, शेपूट वर करून उभं राहिलं. पंखा मोडला तो आवाज नंतर आला, की आधी, मला आता सांगता येत नाही. लोक सांगतात, काळीज फाटलं, किंकाळी फुटली. माझं काही फाटलं नाही. पातेलं हातात होतं ते हातातच राहिलं. एक माशी खिरीवर बसली आणि मी ती हाकलली, माणूस मरतोय की जगतोय याचा पत्ता नाही आणि मी माशी हाकलतेय. अजून ते आठवलं की माझा मलाच भरवसा वाटेनासा होतो. तू सगळ्यांच्या आधी धावलास. अजेयचा पट्टा सोडून त्याला ओढून बाहेर काढलास, तो शुद्धीत होता, पायाकडं बघून शिव्या देत होता. मग नाना धापा टाकत पोचेपर्यंत तू त्या डाव्या चाकाशी वाकलास. हात आत घातलास. मला वाटलं, पेट्रोल गळतंय का बघतोस.

तिसऱ्या दिवशी तू तो कागद लिहून दिलास. झाकण फार जवळ बसवलं होतं, टायरला घासलं, फुटलं, तुकडा चाकात अडकला. नानांना पटलं, कारण तुकडा खरंच चाकात होता. तू घरी येऊन पिशवी भरलीस. चाकणला पाण्याच्या टाक्या बनवायच्या कारखान्यात ओळख आहे म्हणालास. मी दारात उभी होते. पाया पडलास तेव्हा मान वर केली नाहीस. मी समजले, लाज वाटतेय बिचाऱ्याला. मला तुझा राग आला, हे ऐकून ठेव. वाटलं, एवढा हुशार, आणि टायरला जागा सोडायची अक्कल नाही? चार बोटं जागा सोडायची, चिखल अडकू नये म्हणून, असं मलाच किती वेळा सांगितलं होतंस, आणि स्वतःच विसरलास? आल्यागेल्यापाशी मी तुला मूर्ख म्हटलंय, सोळा-सतरा दिवस म्हटलंय.

परवा शुक्रवारी तुझी कामाची पँट खुंटीवरून काढली. म्हटलं, ग्रीसचे डाग जातात का बघू. धुवायच्या दगडावर बसले, खिसे उलटे केले. उजव्या खिशात पान्हा. डाव्या खिशात भाताच्या लोंब्या. पिळवटून काथ्यासारख्या झालेल्या, टायरनं काळ्या केलेल्या, दाणे ठेचलेले. आंब्याच्या पानाचा देठ. आणि त्याला गुंडाळलेली हातभर तंगूस, मासे धरायची, माझ्या डब्यातली. तिला गाठ होती. गळ बांधताना मी मारते ती, तीन वेढे आणि उलटी ओवलेली, आमच्या आईची गाठ. गावात ती दुसऱ्या कोणाला येत नाही. तुलाही येत नाही, दहा वेळा शिकवून. पण ओळखतोस ना तू. लहानपणी माझ्या शेजारी बसून शंभर वेळा बघितलीयस.

नळ वाहत होता. तुझी आई आतून ओरडली, आत्याबाई, पानी वाया चाल्लंय! मला ऐकू येत होतं पण उठता येत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा मी मूठ मिटून बसले होते आणि म्हटलं, चक्कर आली. तिनं लिंबूपाणी दिलं. मी प्याले. मुठीत लोंब्या तशाच.

ऐक सुप्रिया, थांबू नकोस, लिही. त्या पौर्णिमेच्या दुपारी शेडमध्ये कोणी नव्हतं. घरच्या सगळ्या अवजारांना नवं बांधलं आणि ज्याच्यावर माझ्या नातवाचं नाव, त्याला नाही? मन तयार होईना. पण बाहेर बांधायचं नाही हे मला कळलेलं. म्हणून मी खाली बसले, डाव्या चाकाच्या झाकणात खालून हात घातला. ती चार बोटं जागा तू चिखलासाठी सोडली होतीस, त्यातून माझा हात जातो, माझा हात बारीक आहे. आत पाइपाला नवं बांधलं. केळीच्या सोपानं, वाळल्या सालीनं, बांधतात, पण मला वाटलं, वाऱ्यात सोप तुटेल, म्हणून तंगूस. ती दहा किलोचा मासा ओढते, तुटत नाही. बांधून मी इतकी खूश झाले की स्वतःशीच हसले. म्हटलं, आता वाऱ्यालाही दिसायचं नाही आणि नातवालाही. तुझ्याकडून शिकलेलं सगळं वापरून बांधलं मी ते. मला काही कळलं नसतं आणि मी हारासारखं बाहेर बांधलं असतं, तर तू बघितलं असतंस, सोडलं असतंस, माझ्या गळ्यात घातलं असतंस. सोपानं बांधलं असतं तर पहिल्याच चक्कराला तुटून पडलं असतं. ते दोन वेळा टिकलं आणि तिसऱ्यांदा घसरून टायरवर आलं. टायरनं ते आत ओढलं, झाकण फोडलं. तुझं झाकण बरोबर होतं. चार बोटं जागा होती. ती मी भरली.

आणि तुला त्याच मिनिटाला कळलं. अजेय गवतात पडलेला, नाना धावत येतायत, आणि तेवढ्या वेळात तू वाकून माझी चूक खिशात घातलीस. मला वाटतं विमान उलटलं त्याचा धक्का काहीच नव्हता. लोखंड आहे, उलटतं. पण तू खिशात हात घातलास, बाहेर काढलास, आणि मग तीन दिवस माझ्या हातचं जेवलास, माझ्याकडं बघून 'आमटी चांगली झालीय' म्हणालास. कोण आहेस रं तू? तुला मी वाढवलं असं मला वाटत होतं.

काल सकाळी मी लोंब्या पदरात बांधून कर्जतला गेले. नानांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. नानांनी चष्मा काढला. म्हणाले, आजीबाई, नातवाचं प्रेम मला कळतं. पण विमानाच्या गोष्टीत असं चालत नाही. मी म्हटलं, अहो, ह्या बघा लोंब्या. ते म्हणाले, लोंब्या काय, तुमच्या शेतात पोतंभर आहेत, टायरवर घासून काळ्या करायला किती वेळ लागतो? जन्मात पहिल्यांदा मी एवढी मोठी चूक कबूल करायला गेले, आणि मला खोटारडी ठरवून चहा पाजला. वर नानांची बायको, विमलताई, म्हणाल्या, अशी आजी सगळ्यांना मिळो. मला तिथं जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

मग आतल्या खोलीत गेले, अजेयपाशी. पाय उशांवर. म्हटलं, बाबा, हा पाय मी मोडलाय. तो आधी दार ढकलून घ्या म्हणाला. म्हणतो, आजी, मला माहीत आहे. साईराजनं दवाखान्यातच सांगितलं, पहिल्या रात्री, आणि आईची शपथ घातली. आता मला सांग, ज्याचा पाय मोडला तोही सामील! मी म्हटलं, मग बापाला सांग की. तो म्हणतो, शपथ आहे, साईराजनं सोडवली तरच. आणि आजी, पाय माझा मोडलाय, मला राग नाही, मग तुम्ही कशाला पेटलाय? तुम्ही काही बोलू नका, आराम करा. आराम करा! बापाला माझं खोटं वाटतं आणि लेकाला माझं खरं लपवायचंय. दोघांच्या मध्ये मी बावळटासारखी उभी. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातून काही चूकसुद्धा होऊ शकत नाही, असं ठरवून टाकलंय का तुम्ही पोरांनी? म्हाताऱ्या माणसाला देवघरात ठेवायचं, दिवा लावायचा आणि त्याच्या नावावर काही येऊ द्यायचं नाही. मला कळतं तू का केलंस. गावात म्हणतील, म्हातारीनं माणूस मारला असता, आणि हे ऐकून मी खचेन, हीच भीती ना? खचले असते. दोन दिवस रडले असते, मग अजेयला रोज पाया-सूप नेऊन दिलं असतं, आणि उठले असते. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस.

तर हे पत्र का, ते आता ऐक. फोनवर सांगितलं असतं तर 'आजी, तसं काही नाही' म्हणून तू ठेवून दिला असतास. तू कागदावर खोटं लिहिलंयस, त्याला तोंडी उत्तर पुरत नाही हे काल नानांकडं मला समजलं. सुप्रिया याचे फोटो काढून आत्ता तुझ्या मोबाईलवर पाठवते, वाचलंस की तिला निळ्या खुणा दिसतात म्हणे, तेव्हा रेंजचं नाव काढू नकोस. आणि हा कागद उद्या कामावर जायच्या आधी कर्जतला जाऊन ती नानांच्या टेबलावर, तुझ्या कागदाशेजारी ठेवणार. अजेयचं नावही त्यात आलंय, येऊ दे, शपथ त्यानं घेतली होती, मी नाही. आता त्या टेबलावर दोन कागद, एकावर सही, एकावर अंगठा, आणि दोन्ही म्हणतात चूक माझी. नाना इंजिनियर आहेत, एका चुकीला दोन मालक कसे, हे विचारल्याशिवाय त्यांना झोप येणार नाही, आणि विचारायला तूच लागशील. बुधवारी सकाळी ये, साचे फुटायच्या आत. मला वाचवायला येऊ नकोस, काय पाहिलंस तेवढं सांगायला ये. आणि तुझ्या झाकणात एक उणीव आहेच, ती मला सापडलीय: उडायच्या आधी आत बघता येत नाही. खालून एक झडप ठेव, खिट्टीची, रोज उघडून हात फिरवता येईल अशी. हे विमान ज्या ज्या माळावर उतरेल तिथं कोणीतरी आजी असणारच, आणि पोर सुखरूप परत यावं म्हणून ती काही ना काही बांधणारच. तिला अडवून उपयोग नाही, साईराज. आत बघ.

तुझीच, अजून तुझ्यावर रागावलेली,
आजी, जयवंता
अंगठा माझा, शाई सुप्रियाची